गोळी सोडल्यानंतरचा रमजान

2024 च्या रमजानचा चाँद आपल्याकडे 11 मार्चला दिसला. त्याच्या दोन दिवस आधी मी माझी गोळी बंद केली होती. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. स्ट्रिपमध्ये चार गोळ्या उरल्या होत्या. ती स्ट्रिप कपाटात कुराण शरीफच्या खालच्या कप्प्यात, जुन्या कागदांच्या मागे ठेवली आणि मनात म्हणालो, बस, आता यापुढे फक्त अल्लाहचा आधार.

पुढचे बारा-तेरा दिवस जे झालं, ते लिहायला मला दोन वर्षं लागली. लाज हे त्याचं एक कारण. दुसरं असं, की त्या दिवसांत मला काय होतंय याला कुणाकडेच नाव नव्हतं. ज्यांनी नाव दिलं त्यांनी चुकीचं दिलं, आणि सगळ्यात चुकीचं नाव मी स्वतः दिलं होतं.

मी नाकाडोंगरीचा. भंडारा जिल्हा, तुमसर तालुका. तुमसरहून कटंगीकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, मध्य प्रदेशच्या सीमेला लागून असलेलं जंगलाचं गाव. आसपास मॅंगनीजच्या खाणी, चिखला आणि डोंगरी बुजुर्ग, त्यामुळे रस्त्यावर दिवसभर ट्रक. मुसलमानांची घरं थोडीच. घरात आम्ही हिंदी-उर्दू बोलतो, बाजारात झाडीबोली आणि मी शाळेत मराठी शिकवतो. अब्बा उमेदीच्या काळात तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराकडे मुनीम होते.

अम्मी 2021 च्या एप्रिलमध्ये गेली, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. तेव्हाही रमजान होता. त्यानंतर चार-पाच महिने मी नोकरी केली, जेवलो, लोकांशी बोललो, पण आत काहीच नव्हतं. पहाटे तीनला डोळा उघडायचा आणि छातीवर दगड ठेवल्यासारखं व्हायचं. फळ्यावर वाक्य लिहिता लिहिता पुढचा शब्द सुचायचा नाही. वजन नऊ किलोने उतरलं. शेवटी बायकोच्या भावाने गाडीत घालून नागपूरला नेलं. आमच्याकडे ‘नागपूरला नेलं’ या दोन शब्दांचा एक अर्थ ठरलेला आहे. तिथलं मनोरुग्णालय 1864 पासूनचं, तेव्हा हा अर्थही जुना असावा. मी गेलो होतो एका खाजगी डॉक्टरांकडे. तरी गावात कळू नये म्हणून आम्ही ‘दाढेचा इलाज’ असं सांगितलं.

डॉक्टरांनी एस्सिटालोप्राम नावाची गोळी दिली, 10 मिलिग्रॅम, रोज एक. महिन्याभराने झोप आली, सहा आठवड्यांनी भूक. गोळीने माझं भलं केलं हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून कुणी या औषधांनाच शिव्या देऊ नयेत. मी अम्मीसाठी पहिल्यांदा धड रडू शकलो ते गोळी सुरू झाल्यावर. त्याआधी रडायलाही ताकद नव्हती.

दुसऱ्या भेटीत डॉक्टर म्हणाले, ‘बरं वाटलं की काही महिन्यांनी बंद करा.’ कसं बंद करायचं हे त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. पुढे नागपूरला जाणंच झालं नाही. जुन्या चिठ्ठीवर तालुक्याच्या एका मेडिकलमधून गोळ्या मिळत राहिल्या. कधी चिठ्ठी दाखवावी लागायची, कधी तीही नाही. अशी अडीच वर्षं गेली.

मग 2024 चा रमजान जवळ आला. घरी एका लग्नानंतर जमलेल्या पाहुण्यांत कुणीतरी सहज बोलून गेलं, ‘जिसका ईमान मजबूत, उसको डिप्रेशन नहीं होता.’ ते माझ्याबद्दल बोलत नव्हते, त्यांना काही ठाऊकही नव्हतं. पण ते वाक्य माझ्या गळ्यात अडकलं. वाटलं, मी बरा तर आहेच, मग ही कुबडी कशाला? पाक महिना आहे, सुरुवात चांगली होईल.

पहिला रोजा छान गेला. दुसऱ्या दिवशी डोकं हलकं झालं, पाय जमिनीवर नीट टेकत नाहीत असं वाटू लागलं. मळमळ होती. मी म्हणालो, चहा नाही ना, सुरुवातीचे रोजे असेच जातात. घरातल्यांनाही तेच वाटलं. तिसऱ्या रात्री तरावीहमध्ये पहिल्यांदा तो झटका आला.

दोन रकात झाल्या, इमाम साहेबांनी सलाम फेरला. मी उजवीकडे मान वळवली आणि डोक्याच्या आत, कानाच्या मागून कपाळापर्यंत, वीज सरकल्यासारखं झालं. दुखलं नाही. पण अर्धा क्षण सगळं थांबलं आणि परत सुरू झालं, लाईट जाऊन आल्यासारखं. डावीकडे मान वळवली तर पुन्हा. तरावीहच्या वीस रकात, दर दोन रकातींनी सलाम, म्हणजे दहा वेळा उजवीकडे आणि दहा वेळा डावीकडे. पाचव्या सलामानंतर मी मान वळवायलाच घाबरू लागलो. सजद्यातून उठताना भिंती हलायच्या.

दिवसा दहावीच्या परीक्षेवर माझी पर्यवेक्षकाची ड्युटी होती. पर्यवेक्षक करतो काय? या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नजर फिरवतो. तेवढ्यानेच झटके. नुसते डोळे बाजूला वळवले तरी ‘झप्प’. मी खुर्चीवर समोर बघत पुतळ्यासारखा बसून राहिलो. त्या दोन-तीन पेपरना माझ्या वर्गातल्या पोरांनी काय काय केलं असेल, अल्लाह जाणे.

रात्री झोप लागली की स्वप्नं. स्वप्नं कसली, पूर्ण सिनेमे. अम्मी सिलिंडरच्या रांगेत स्वतः उभी आहे आणि मला म्हणते आहे, ‘तू घर जा, मैं ले आती हूँ.’ सेहरीला उठायचो तेव्हा अंगातला सदरा घामाने भिजलेला असायचा. मोहफुलांचा हंगाम होता. फज्रनंतर बाहेर पडलं की बाया टॉर्च आणि टोपल्या घेऊन जंगलाकडे निघालेल्या दिसायच्या. एक ओळखीची मावशी थांबून म्हणाली, ‘काहून भाऊ, जीव बरा नाई का?’ एवढ्यावर माझे डोळे भरून आले. मी रस्त्यात उभा राहून रडलो. ती बिचारी गोंधळली.

आता नावांचं सांगतो. फुफी म्हणाली, नजर लागली आहे, नाहीतर जंगलातून येताना काही अंगावर आलं आहे. तिने पाणी दम करून दिलं, ते मी प्यायलो. शाळेतले एक सर म्हणाले, बीपी असेल. बायकोला वाटलं, अम्मीची आठवण, कारण महिनाही तोच. आणि मी स्वतःला दोन गोष्टी सांगत होतो. दिवसा सांगायचो, आजार परत आला, आता आयुष्यभर सुटका नाही. रात्री सांगायचो, ज्या नमाजीत माणूस फरिश्त्यांना सलाम करतो, नेमका त्याच क्षणी मला झटका बसतो. माझी इबादत कबूल होत नाही याचीच ही खूण. हे दुसरं मी कुणाला बोललो नाही. तेच सगळ्यात जास्त आतून खात होतं.

आठव्या की नवव्या रोज्याला इफ्तारच्या वेळी आठ वर्षांच्या मुलीच्या हातून सरबताचा ग्लास दस्तरखानावर सांडला. मी ओरडलो, आणि नुसता ओरडलो नाही, माझ्या हातातला ग्लास भिंतीवर फेकला. अजान सुरू होती. मुलगी आजोबांच्या मागे जाऊन बसली. मी तिच्यावर कधी हात उगारलेला नाही, त्या दिवशीही उगारला नाही. पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मी विसरलो नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी मोटारसायकलवरून शाळेतून परतताना, मुख्य रस्त्याला लागताना ट्रक येतोय का हे बघायला मान वळवली आणि झटका आला. ब्रेक दाबायच्या ऐवजी मी काहीच केलं नाही. मॅंगनीजचा भरलेला ट्रक हॉर्न वाजवत इतक्या जवळून गेला की शर्टाची बाही फडफडली. मी गाडी बाजूला लावून सागाच्या झाडाखाली बराच वेळ बसून राहिलो.

त्या रात्री तरावीहनंतर मी इमाम साहेबांना थांबवलं. तरुण आहेत, बिहारकडचे, फार बोलत नाहीत. त्यांना सगळं सांगितलं, सलामच्या वेळच्या झटक्याचंही. वाटलं होतं वजीफा सांगतील. ते म्हणाले, ‘सर, दवा किसके कहने पर छोडी?’ मी म्हणालो, रमजान होता म्हणून. ते म्हणाले, आजारी माणसाला रोज्यातून सूट आहे. तुम्ही तर उलटं केलंत, रोज्यासाठी आजार अंगावर घेतलात. आधी डॉक्टरांना विचारा, राहिलेले रोजे नंतर पूर्ण करता येतात. दुआ त्यांनी केलीच, पण डॉक्टरकडे जायचा शब्द माझ्याकडून घेतल्यावर.

दुसऱ्या दिवशी बायकोला स्ट्रिपचं सांगितलं. तिला ती केव्हाच सापडली होती. तिला वाटलं होतं डॉक्टरांनीच बंद केली असेल. आम्ही भंडाऱ्याला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. माझं बोलणं अर्ध्यावर आलं असताना त्यांनीच विचारलं, ‘डोळे बाजूला नेले की करंट लागल्यासारखं होतं का?’ मला हुंदकाच फुटला. त्या म्हणाल्या, ‘हे वेड नाही, आणि तुमचा जुना आजार परत आलाय असंही मला वाटत नाही. गोळी एकदम सोडल्याचा हा त्रास आहे. पुष्कळ लोकांना होतो.’

मग त्यांनी समजावलं. मला समजलं तसं लिहितो. मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन पेशींमध्ये निरोप पोहोचवतं आणि काम झालं की पेशी ते परत आत ओढून घेतात. ही गोळी ते ओढणं कमी करते. महिनोन् महिने गोळी चालू असली की मेंदू त्याप्रमाणे आपली घडी बसवतो. गोळी एकाएकी गेली की ती घडी विस्कटते आणि नवी बसायला वेळ लागतो. याला नशेची लत म्हणत नाहीत. मला गोळीची तलफ आली नव्हती, डोस वाढवावासा वाटला नव्हता. पण शरीर सवयीचं होतं हे खरं.

एस्सिटालोप्रामचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण 30 तास लागतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस काही जाणवलं नाही आणि मग एकदम सुरू झालं. पॅरोक्सेटिन, व्हेन्लाफॅक्सिन ही औषधं शरीरातून लवकर जातात, त्यांचा त्रास जास्त होतो. फ्लुओक्सेटिन आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, म्हणून ते सोडताना सहसा कमी त्रास होतो.

आजार उलटला की गोळी सोडल्याचा त्रास, हे ओळखायच्या तीन गोष्टी त्यांनी सांगितल्या. एक, वेळ: सोडल्याचा त्रास बहुधा काही दिवसांत सुरू होतो, आजार उलटायचा असेल तर बहुधा आठवडे-महिने लागतात. दोन, लक्षणं: डोक्यातले झटके, चक्कर, मळमळ, चित्रविचित्र स्वप्नं हे माझ्या 2021 च्या आजारात नव्हतंच. तेव्हा मी सुन्न होतो, आता मी भडकत होतो. तीन, गोळी पुन्हा सुरू केल्यावर सोडल्याचा त्रास दोन-तीन दिवसांत उतरतो, आजार इतक्या लवकर हलत नाही.

हे सगळं नवं आहे का? नाही. नैराश्यावरची पहिली औषधं 1950 च्या दशकात आली. त्यातलं एक होतं इमिप्रामिन, आणि ते सोडल्यावर रुग्णांना त्रास होतो हे 1959 मध्येच डॉक्टरांनी नोंदवलं होतं. तरीही अनेक वर्षं सांगितलं जात राहिलं की त्रास किरकोळ असतो, एक-दोन आठवड्यांत जातो. ब्रिटनच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने आपली भूमिका 2019 मध्ये बदलली. काहींना हा त्रास तीव्र आणि लांबणारा असू शकतो, हे त्यांनी मान्य केलं.

पण घाबरून जाण्यासारखंही नाही. ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात जून 2024 मध्ये जर्मन संशोधकांनी 79 अभ्यासांचा एकत्र आढावा छापला. त्यात गोळी सोडणाऱ्यांपैकी साधारण 31 टक्के लोकांना काही ना काही त्रास झाला. पण ज्यांची गोळी मुळातच खोटी, म्हणजे औषध नसलेली होती, त्यांच्यातही 17 टक्के लोकांना त्रास झाला. म्हणजे निव्वळ औषध सोडल्यामुळे त्रास होणारे साधारण सहा-सातांत एक. तीव्र त्रास 35 मध्ये एकाला. यातले बरेच अभ्यास थोड्या मुदतीच्या उपचारांवरचे आहेत, वर्षानुवर्षं गोळी घेणाऱ्यांचं चित्र वेगळं असू शकतं, असा आक्षेपही घेतला गेला. मी एवढंच म्हणेन, की बहुतेकांना त्रास होत नाही, आणि ज्याला होतो तो खोटं बोलत नसतो.

मॅडमनी तीच गोळी, तोच डोस पुन्हा सुरू केला. ‘रोज एकदाच आहे ना, इफ्तारनंतर घ्या,’ म्हणाल्या. इतकं सोपं होतं. चार दिवस रोजे ठेवू नका, पाणी भरपूर प्या, मोटारसायकल काही दिवस बंद, हेही सांगितलं. तिसऱ्या दिवशी झटके उतरले. पाचव्या रात्री मी तरावीहला गेलो. सलामच्या वेळी सवयीने घाबरलो, मान हळू वळवली. काही झालं नाही.

ईदनंतर आम्ही ठरवून गोळी कमी करायला घेतली. मी विचारलं होतं, एक दिवसाआड घेतली तर? मॅडम म्हणाल्या, नको, त्याने औषधाचं प्रमाण रोज वर-खाली होईल आणि मेंदूला रोज छोटा धक्का बसेल. रोज घ्यायची, पण थोडी थोडी कमी.

त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार उपयोगी पडली. डोस अर्धा केला म्हणजे मेंदूवरचा परिणाम अर्धा होतो असं नाही. 10 वरून 5 वर आलं तरी परिणाम थोडाच कमी होतो. खरी घसरण शेवटच्या दोन-तीन मिलिग्रॅममध्ये असते. आमच्या जुन्या विहिरीच्या पायऱ्या मला आठवल्या. वरच्या पायऱ्या सारख्या अंतराच्या, शेवटची मात्र एकदम खोल, आणि तिथेच पोरं पाण्यात पडायची. म्हणून शेवटी शेवटी कमी करायचं प्रमाण आणखी लहान ठेवायचं.

एप्रिलअखेर साडेसात, जूनमध्ये पाच, ऑगस्टमध्ये अडीच. प्रत्येक पायरीवर चार-पाच दिवस थोडं डोकं हलकं व्हायचं, मग बसायचं. धानाची रोवणी झाली, पाऊस चांगला होता, मी खुशीत होतो. सप्टेंबरात वाटलं, अडीच म्हणजे काय, नखाएवढा तुकडा, टाकून देऊ. मॅडमना न विचारता टाकला. चौथ्या दिवशी वर्गात मान वळवताना झप्प. या वेळी मी घाबरलो नाही. घरी येऊन बायकोला म्हणालो, ‘पाहुणा परत आला.’ फोन केला, बोलणी खाल्ली, अडीचवर परत गेलो, महिनाभर थांबलो. मग पाचच्या गोळीचा चौथा भाग. मेडिकलमध्ये गोळी कापायचा छोटा डबीसारखा कटर मिळतो, तो आणला. चौथा भाग कधी सारखा पडायचा नाही, कधी भुगा व्हायचा. तसंच चालवलं. जानेवारी 2025 मध्ये तोही थांबला. एकूण नऊ महिने. मी एकदम सोडली होती तेव्हा नऊ मिनिटंही विचार केला नव्हता.

राहिलेले चार रोजे मी डिसेंबरात पूर्ण केले. थंडीचे छोटे दिवस, तहानही लागत नाही. अब्बा गमतीने म्हणाले, अल्लाहने तुला सस्त्यात सोडलं.

या नऊ महिन्यांत काय कामी आलं, ते साधंच आहे. एका शाळेच्या वहीत रोज दोन ओळी लिहिल्या: डोस किती, झोप किती, झटके आले का, कुणावर चिडलो का. वाईट दिवस आला की मागची पानं बघायचो. मागच्या पायरीलाही असाच दिवस होता आणि तो गेला होता, हे माझ्याच अक्षरात दिसायचं. दुसरं, झोपेची वेळ सोडली नाही. तिसरं, डोस कमी करायचा आठवडा परीक्षा, लग्न, प्रवास यांच्या मध्ये येणार नाही असं बघितलं. चौथं, घरात सांगितलं. मुलीलाही. तिला म्हणालो, अब्बूच्या डोक्यात औषधाचं काम चालू आहे, कधी चिडचिड झाली तर तू खोलीतून निघून जा आणि दादांना सांग, चूक तुझी नसेल. ती त्यानंतर मला अधूनमधून विचारायची, ‘आज करंट आहे का?’

एक सावधगिरी मुद्दाम लिहितो. आपल्याकडे याच औषधाच्या काही गोळ्यांत क्लोनाझेपाम नावाचं दुसरं औषधही मिसळलेलं असतं. स्ट्रिपच्या मागे बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. क्लोनाझेपाम खूप दिवस घेऊन एकदम सोडलं तर फिट येऊ शकते. म्हणून आपल्या गोळीत नेमकं काय आहे ते आधी वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या. आणि माझा हिशेब तुमचा समजू नका. कुणाला दोन महिने पुरतील, कुणाला दीड वर्ष लागेल, कुणी गोळी चालू ठेवणंच योग्य असेल. ज्यांना हा आजार पुन्हा पुन्हा होतो त्यांना डॉक्टर अनेक वर्षं गोळी देतात, त्यात कमीपणा काही नाही. गोळी सोडताना जीव नकोसा वाटू लागला, मरणाचे विचार आले, तर पुढच्या भेटीची वाट बघू नका, त्याच दिवशी घरच्या कुणाला सांगा. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे, 14416 या नंबरवर मराठीतही बोलता येतं.

आता ईमानाबद्दल. बगदाद-बल्खच्या काळात, आजपासून अकराशे वर्षांपूर्वी, अबू झैद अल-बल्खी नावाचे एक विद्वान होऊन गेले. त्यांनी शरीर आणि मन दोन्हींच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला, ‘मसालिह अल-अब्दान वल-अन्फुस’. त्यात त्यांनी दुःखाचे दोन प्रकार सांगितले आहेत: एक, ज्याचं कारण माणसाला माहीत असतं. दुसरं, ज्याचं कारण सापडत नाही आणि ज्याचं मूळ शरीरात असतं. त्यावर शरीराचाही इलाज करावा लागतो. हे लिहिणारे आपलेच होते. मग ‘मजबूत ईमानवाल्याला डिप्रेशन होत नाही’ हे वाक्य आपण कुठून आणलं?

मी अब्बांना शेवटी सगळं सांगितलं. भीत भीत. ते बराच वेळ गप्प होते. मग उठले, आपल्या औषधाचा डबा आणला आणि माझ्यासमोर ठेवला. पंधरा वर्षांपासून ते बीपीची गोळी घेतात, रमजानमध्ये सेहरीला. म्हणाले, ‘ये छोडके रोजा रखने को तो मेरे को कोई नहीं बोला.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘तेरी अम्मी के बाद मेरे को भी नींद नहीं थी. मैंने किसी को बोला नहीं.’ तीन वर्षं आम्ही दोघं एका घरात जागे होतो, शेजारच्या खोल्यांत.

2025 चा रमजान 2 मार्चला सुरू झाला. मोह फुलायला लागला होता. मी तरावीहला गेलो, अब्बा शेजारच्या खुर्चीवर बसून नमाज पढत होते. इमाम साहेबांनी सलाम फेरला. मी उजवीकडे पाहिलं, मग डावीकडे. डावीकडे अब्बा होते. फक्त अब्बा दिसले, बाकी काही झालं नाही.

आजार परत येईल का, मला माहीत नाही. आला तर डॉक्टरांकडे जाईन, लागली तर गोळीही घेईन, आणि या वेळी दाढेचं नाव सांगणार नाही.